‘आज नको’ म्हणायला शिकताना: साखळी ते बेळगाव, माझं पीपीएल

एप्रिल २०२५ मध्ये पीपीएल, म्हणजे छोटं विमान उडवायचं प्रायव्हेट पायलट लायसन्स, हातात आलं, सुरुवात केली होती फेब्रुवारी २०२३ मध्ये. मधे दोनदा बोटीवर जाऊन आलो म्हणून एवढा वेळ लागला, सलग करणाऱ्याचं बरंच लवकर होतं. सुरू करताना मी मराठीत शोधत होतो तेव्हा जे सापडलं ते सगळं किती खर्च, किती तास, कुठले कागद एवढंच होतं. ते मीही लिहितो, पण मला मुख्य सांगायचंय ते जोखीम कशी शिकवली त्याबद्दल, कारण विमान वर नेणं आणि खाली आणणं सोळाएक तासांत जमायला लागलं, रनवेवर उभं राहून "आज नको" म्हणणं जमायला त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागला.

घर गोव्यात साखळीला, काम मर्चंट नेव्हीत, सेकंड इंजिनिअर. सुरू केलं तेव्हा वय ३९. विमानाचं वेड लहानपणापासून, पण हातात पैसे आणि सलग सुट्टी दोन्ही एकत्र आत्ता कुठे आलं.

पहिली पायरी क्लास २ मेडिकल. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, यादीतल्या डॉक्टरकडेच करावी लागते, रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे, डोळे, कान. माझे सगळे मिळून साडेसहा हजार गेले. टीप म्हणून घ्या, मेडिकल पास झाल्याशिवाय कुठल्याही फ्लाइंग स्कूलला एक रुपया भरू नका.

मग डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, जो असल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी दहावीची मार्कशीट खरी असल्याचं बोर्डाचं पत्र हवं. आल्तो बेतीला गोवा बोर्डाच्या ऑफिसात दोन फेऱ्या झाल्या. माझ्या मार्कशीटवर वडिलांचं नाव मधे आहे, पासपोर्टवर नाही, आधारवर फक्त आद्याक्षर. तिन्ही नावं एकाच माणसाची असं अ‍ॅफिडेव्हिट करून जोडलं. पत्र हातात यायला आणि नंबर पडायला मिळून ३४ दिवस. तुमचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असेल तर आजच सरळ करायला घ्या, याच कामात माणूस सगळ्यात जास्त वैतागतो.

गोव्यात दाबोळी म्हणजे नौदलाचा तळ, आयएनएस हंसा, आणि मोपाला सगळी प्रवासी विमानं. मला शिकायची सोय मिळाली ती बेळगावला, चोर्ला घाट चढून साधारण दोन तास. तिथे भरायला जाणार त्याच्या आधी एका मित्राने वास्कोच्या एका सरांकडे नेलं. नौदलातून निवृत्त वैमानिक, मूळचे मालवणचे, नाव लिहू नको म्हणालेत म्हणून लिहीत नाही. घर चिखलीला, गच्चीवरून विमानं उतरताना दिसतात. एप्रिल २०२३ पासून बोट लागेपर्यंतचे रविवार मी त्यांच्याकडे गेलो. फी विचारली तर म्हणाले, येताना पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, पाव घेऊन ये.

पहिल्या रविवारी विमानाचं नावसुद्धा निघालं नाही. त्यांनी मला एक कोरा कागद दिला आणि सांगितलं, "तू नोकरीत केलेली एक गोष्ट लिही, जी चुकीची होती पण काही झालं नाही." मी लिहिलं. २०१६ मध्ये बॅलास्ट टाकीत, म्हणजे बोटीचा तोल राखायला पाणी भरतात त्या टाकीत, उतरायचं होतं. परमिटवर ऑक्सिजन मोजल्याच्या रकान्यात मी टिक केली आणि उतरलो. मीटर दोन डेक वर होता, आणायला दहा मिनिटं लागली असती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बंद टाकीत गंज हवेतला ऑक्सिजन खातो, आत माणूस आवाज न करता पडतो. मला काही झालं नाही. सरांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, "काही झालं नाही हेच वाईट झालं. त्या दिवशी तू शिकलास की मीटर आणला नाही तरी चालतं."

हे वाक्य मला आतपर्यंत लागलं. बोटीवर रिस्क असेसमेंटचे फॉर्म मी शेकड्यांनी भरलेत, आणि खरं सांगायचं तर ते भरून भरून माझं त्या शब्दावरूनच मन उडालं होतं. मला वाटायचं विमानातही तसाच एक फॉर्म असणार.

पुस्तकातली पद्धत एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याची, पी-ए-व्ही-ई. पायलट, एअरक्राफ्ट, एन्व्हायर्नमेंट आणि एक्स्टर्नल प्रेशर, म्हणजे उड्डाणाआधी या चार खात्यांत आज काय काय बिनसलंय ते बघायचं. तिकडे जून २०१६ पासून प्रायव्हेट पायलटच्या टेस्टमध्ये प्रत्येक कामाचे तीन भाग असतात, ज्ञान, जोखीम आणि कौशल्य, म्हणजे लँडिंग छान झालं पण त्यातले धोके सांगता आले नाहीत तर ते पुरं धरत नाहीत. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या अ‍ॅनेक्स १ मध्येही पीपीएलसाठी थ्रेट अँड एरर मॅनेजमेंट, म्हणजे धोके आणि चुका हाताळणं, लिहिलेलं आहे. सर म्हणाले, इंग्रजी अक्षरं घाईत आठवत नाहीत, तुझी तू कर. मी केली ती अशी: मी, मशीन, मळभ, माणसं. चार म. आजही मी हेच म्हणतो.

"मी" मध्ये एफएएचीच आय-एम-सेफ यादी येते, आजारपण, औषधं, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. दारूचं आपल्याकडे कायद्याने उड्डाणाआधी १२ तास आहे. पण सरांचा जोर औषधांवर. सर्दीच्या साध्या गोळीने झोप येते आणि ती आपण औषधात धरत नाही. शिवाय सर्दी असताना वर गेलं तर उतरताना कानाचे हाल होतात ते वेगळंच. गोव्यातल्या पावसाळ्यात नाक मोकळं असलेला माणूस शोधावा लागतो, त्यामुळे हा मुद्दा आपल्यासाठी मोठा आहे.

"माणसं" म्हणजे कुणाला दिलेला शब्द, कुणी बघायला आलेलं, परत भरावे लागणारे पैसे, घरी वाट बघणारी माणसं. चारही खात्यांत हे सगळ्यात फसवं, कारण बाकी तिन्ही मोजता येतात.

एका रविवारी बाईंनी, म्हणजे सरांच्या मिसेसनी, सोलकढीचे गार ग्लास आणले. दोन मिनिटांत बाहेरून थेंब जमले. सर म्हणाले, "हे बघ, तुझा कार्बुरेटर." कार्बुरेटरच्या अरुंद नळीत हवा आणि पेट्रोल मिसळताना तापमान वीस-पंचवीस अंशांनी खाली जाऊ शकतं, म्हणजे बाहेर २२ डिग्री आणि दमट हवा असली तरी आत बर्फ धरू शकतो, आणि इंजिनाचा दम हळूहळू तुटतो. गोव्यात वाढलेल्या मला बर्फ हा धोका म्हणून कधी सुचलाच नसता. तेव्हापासून मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचताना माझी नजर आधी तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकावर जाते. रोज सकाळी व्हीओजीओ आणि व्हीओबीएम, म्हणजे दाबोळी आणि बेळगाव, दोन्ही मेटार वाचायचे, वेळ झेडमध्ये, म्हणजे ग्रिनिचची, असते त्यात साडेपाच तास मिळवायचे आणि मग गच्चीत जाऊन आभाळाशी ताडून बघायचं. ही सवय फुकट आहे, आजपासून लावून घ्या.

जून ते नोव्हेंबर २०२३ बोटीवर. तिथे अभ्यास केला, आणि परत आल्यावर डीजीसीएचा कंपोझिट पेपर दिला, पास व्हायला ७० टक्के लागतात. पहिल्यांदा ६४ आले, नेव्हिगेशनमध्ये गेलो. दुसऱ्या वेळी निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेळगावला फ्लाइंग सुरू. विमान सेसना १५२, दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवर. माझ्या वेळी तासाचे साधारण साडेचौदा हजार. इन्स्ट्रक्टर मॅडम २६ वर्षांच्या, मी त्यांना मॅडम आणि त्या मला सर, शेवटपर्यंत तसंच राहिलं.

पहिल्या आठवड्यात मी रोज साखळीहून पहाटे चारला निघायचो, घाटात धुकं, समोरून ट्रक, सहाला बेळगाव. तिसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, रात्री किती झोपलात. म्हटलं साडेचार तास. त्यांनी विमानाची चावी परत ड्रॉवरमध्ये ठेवली. "सर, आज ग्राउंडवरच बसू." मला राग आला होता, दोन तास गाडी चालवून आलेलो. संध्याकाळी सरांना फोन केला तर म्हणाले, "ती मुलगी चांगली शिकवते. तिचं ऐक." दुसऱ्या दिवसापासून आदल्या रात्री बेळगावला लॉजमध्ये राहायला लागलो, ९०० रुपये. एकूण ४० रात्री धरा. तुमच्या बजेटमध्ये हे पैसे पहिल्यापासून धरा, चैन म्हणून नंतरसाठी ठेवू नका.

२२ मार्चला पहिला सोलो, म्हणजे एकट्याने उड्डाण, १६ तास झाले होते. त्याबद्दल सगळेच लिहितात, मी एवढंच म्हणेन की बाजूची सीट रिकामी असली की विमान लवकर उचलतं आणि त्या शांततेत आपलाच श्वास ऐकू येतो.

मे महिन्यातली दुपार मात्र सविस्तर सांगतो. बेळगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळजवळ अडीच हजार फुटांवर. त्या उंचीला प्रमाण तापमान १० डिग्री, त्या दिवशी होतं ३५. दर जादा डिग्रीला १२० फूट, म्हणजे २५ गुणिले १२०, तीन हजार. विमानाला वाटतं आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हे मी पेपरात बरोबर सोडवलं होतं. पण मॅडमनी त्या दिवशी मुद्दाम दुपारी नेलं, आणि आधी माझ्याकडून लिहून घेतलं की सर्किटच्या, म्हणजे रनवेभोवतीच्या फेरीच्या, क्रॉसविंडला (टेकऑफनंतरचं पहिलं वळण) वळताना किती उंची असेल. मी सकाळच्या अनुभवाने पाचशे फूट लिहिलं. रनवे लांब आहे त्यामुळे जमीन सुटेपर्यंत काहीच जाणवत नाही. सुटल्यावर मात्र समोरची झाडं खाली जाईनात. अल्टिमीटरचा काटा चिकटल्यासारखा, नाक वर करावंसं वाटतं आणि तेच करायचं नसतं, कारण वेग पडतो. वळायच्या जागी तीनशे फूटही नव्हते. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसतं माझ्या कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. उतरल्यावर माझा शर्ट पाठीला चिकटला होता. नुसतं गणित करून मी हे कधीच मानलं नसतं.

त्याच आठवड्यात हूड घालून उडवलं, म्हणजे बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर झापड. भरपूर उंचीवर, मॅडम बाहेर बघतायत. त्यांनी डोळे मिटायला सांगितले आणि विमान सरळ ठेवा म्हणाल्या. मला शपथेवर वाटत होतं की सरळ आहे. डोळे उघडले तर डावीकडे वळत वळत नाक खाली गेलेलं. कानाच्या आतला द्रव सावकाश सुरू झालेलं वळण काही वेळाने विसरतो, आणि शरीर खोटं सांगतं. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडवायचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना अशाच परिस्थितीत घातलं होतं, वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, कुणाचा २० सेकंदांत, कुणाचा ४८० सेकंदांत, सरासरी १७८. हा आकडा मी आधी वाचला होता, पण घाटावर ढग टेकलेले बघून पोटात गोळा यायला लागला तो त्या दिवसानंतर.

मग पुन्हा बोट, मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पावसाळा नाहीतरी बुडाला असता.

जायच्या आधी सरांनी माझ्याकडून एक कागद करून घेतला होता, माझ्या स्वतःच्या मर्यादांचा. आपल्याकडे विमानतळाभोवतीच्या कंट्रोल झोनमध्ये व्हीएफआरसाठी, म्हणजे बाहेर बघून उडवण्यासाठी, ढगांचा पाया १५०० फूट आणि दृश्यता ५ किलोमीटर हवी असते. सर म्हणाले, हे कायद्याचं झालं, चाळीस तासवाल्याचं काय? माझ्या कागदावर आलं: पाया ३०००, दृश्यता ८ किलोमीटर, आडवा वारा ८ नॉट, उतरताना टाकीत किमान एक तासाचं पेट्रोल, आणि क्रॉस-कंट्रीला, म्हणजे दुसऱ्या गावच्या विमानतळावर जाऊन यायच्या उड्डाणाला, सकाळी साडेनऊनंतर टेकऑफ नाही. नियम दोनच. आकडा सैल करायचा तर घरी, शांत डोक्याने, तारीख घालून, एका वेळी एकच. विमानतळावर पेन काढायचं नाही. आणि प्रत्येक उड्डाणानंतर एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं, आज कुठली गोष्ट नशिबाने बरोबर झाली? मला या सगळ्या शिक्षणातला सर्वात मोलाचा हाच प्रश्न वाटतो. चांगलं लँडिंग झालं की माणूस खूश होऊन घरी जातो. मी एकदा लिहिलं, "वारा अचानक पडला म्हणून जमलं, नाहीतर गो-अराउंड (न उतरता परत वर जाणं) करायला हवा होता आणि मी केला नसता." ते लिहिताना हात अडखळला.

पीपीएलसाठी किमान ४० तास आणि त्यात १५० नॉटिकल मैलांची एक सोलो क्रॉस-कंट्री, दोन वेगळ्या ठिकाणी पूर्ण थांबून उतरायचं. माझा मार्ग बेळगाव, कोल्हापूर, हुबळी, बेळगाव, सुमारे १८० मैल. तारीख पडली ३० ऑक्टोबर २०२४, बुधवार, आठला टेकऑफ.

दुसऱ्या दिवशी पहाटे नरकासुर, गोव्यात दिवाळीला त्याचा पुतळा करून पहाटे जाळतात. साखळीत आमच्या वाड्यावरच्या पोरांचा नरकासुर, माझा मुलगा पहिल्यांदाच त्यात रात्रभर जागणार होता, आणि मी संध्याकाळपर्यंत येतो असं सांगून निघालो होतो. शिवाय कोल्हापूरला मेव्हणे विमानतळाबाहेर उभे राहणार होते, नुसतं विमान उतरताना बघायला. आठ वाजता कळलं की विमानाचा एक टायर बदलायचाय. नऊ झाले. साडेनऊ झाले. पावणेअकराला मेकॅनिक काकांनी अंगठा दाखवला. वर आभाळ निळं, वारा पाच नॉट, दृश्यता दहाच्या वर. फक्त आग्नेयेला, हुबळीच्या अंगाला, फुलकोबीसारखे पांढरे ढग उभे राहायला लागले होते. परतीच्या पावसाचे दिवस, दुपारी ते काळे होतात हे बेळगावातल्या चहावाल्यालाही माहीत असतं.

मी रनवेकडे बघत उभा राहिलो. डोक्यात हिशेब सुरू, की कोल्हापूर तर उत्तरेला, तिकडे स्वच्छ आहे, हुबळीला पोचेपर्यंत एक-दीड वाजेल, नाहीच जमलं तर परत फिरू. प्रत्येक वाक्य पटण्यासारखं होतं. खिशातून कागद काढला. मी, ठीक. मशीन, आत्ताच टायर बदललाय, ठीक. मळभ, आत्ता ठीक, दोन वाजता नाही. माणसं. तिथे मी थांबलो. मेव्हण्यांचे दोन मिस्ड कॉल होते.

मॅडम शेजारी येऊन उभ्या होत्या, काही बोलत नव्हत्या. मी म्हटलं, "मॅडम, आज नको." त्या म्हणाल्या, "कारण?" म्हटलं, "साडेनऊ होऊन गेले." त्यांनी मान हलवली आणि बुकिंगच्या वहीत माझ्या नावावर रेघ मारली. एवढंच. कुणी पाठ थोपटली नाही, आणि गाडीत बसल्यावर मला रडू येईल असं वाटत होतं. घाट उतरताना सव्वादोनला मागे आरशात बेळगावच्या बाजूला काळं झालेलं दिसलं. त्या दिवशी तिकडे नेमकं काय झालं मी विचारलं नाही. सरांनी शिकवलेलं की "बघ, पाऊस पडला म्हणजे माझं बरोबर" असं म्हणायचं नाही. आभाळ कोरडं राहिलं असतं तरी निर्णय तोच असायला हवा होता.

घरी पोचलो तेव्हा बायको म्हणाली, "झालं का?" म्हटलं नाही. ती म्हणाली, "बरं, मग हात धुवा, पोरांना कागद चिकटवायला माणूस कमी आहे."

पुढची तारीख १९ दिवसांनी मिळाली, १८ नोव्हेंबर. सव्वाआठला टेकऑफ, सगळं सुरळीत. कोल्हापूरला मेव्हणे होते, आणि हुबळीला उतरताना एक घार डावीकडून गेली, ती सोडली तर सांगण्यासारखं काही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये स्किल टेस्ट. एक्झामिनरनी जमिनीवर सगळ्यात जास्त वेळ हवामान आणि "इथे इंजिन गेलं तर कुठे उतरशील" यावर घालवला. मग ईजीसीएवर, म्हणजे डीजीसीएच्या वेबसाइटवर, फाइल, लॉगबुकची पानं, मेडिकल, निकाल. एकदा शंका काढून परत आली, लॉगबुकमधल्या एका पानाच्या बेरजेत माझी दहा मिनिटांची चूक होती. प्रत्येक पानाची बेरीज त्याच दिवशी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. एकूण तास ५२ तास २० मिनिटं. एकूण खर्च हेडसेट, लॉज, पेट्रोल सगळं धरून नऊ लाखांच्या थोडा वर.

बाबांना बसवायचं कबूल केलंय. ते ७१ वर्षांचे आहेत, कधीपासून विचारतायत. मधे परत बोटीवर जाऊन आलो, त्यामुळे पाच महिने हात लागलेला नाही, आणि कागदावर मी नवीन ओळ घातलीय की तीन महिन्यांचा खंड पडला तर आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास. येत्या मंगळवारी मॅडमबरोबर तो तास आहे. बाबांना सांगितलंय की त्यानंतरची तारीख ठरवू, आणि ठरलेल्या दिवशीसुद्धा घरी परत यावं लागेल कदाचित. ते म्हणाले, "येताना बेळगावात कुंदा तरी घेऊ ना?" म्हटलं, तो नक्की.